कोपरं मांड्यांवर, डोकं मुठींत

खुर्चीवर पुढे वाकून बसलेला म्हातारा, कोपरं मांड्यांवर, चेहरा मुठींत झाकलेला. व्हॅन गॉघचं 'वॉर्न आउट' (पार थकलेला) हे पेन्सिल-चित्र नोव्हेंबर १८८२मधलं, द हेग शहरातलं. पण ही बैठक त्याला वर्षभर आधीच सापडली होती, दक्षिण नेदरलँड्समधल्या एटेन या खेड्यात.

१८८१च्या वसंतात तो आईवडिलांकडे एटेनला आला तेव्हा २८ वर्षांचा होता. चित्रकार व्हायचं ठरवून वर्षही झालं नव्हतं. शिक्षण म्हणजे शार्ल बार्गचे चित्रकलेचे धडे गिरवायचे आणि फ्रेंच चित्रकार मिलेच्या शेतकऱ्यांच्या नकला करायच्या. देवादिकांना आणि राजेरजवाड्यांना मिळायचा तो मान मिलेनं १८५०च्या 'पेरणारा' या चित्रात एका शेतकऱ्याला दिला होता, आणि व्हॅन गॉघचा तो आयुष्यभराचा आदर्श. एटेनला त्यानं गावातलीच माणसं समोर उभी केली: खणणारे, पेरणारे, शिवणाऱ्या बायका. सप्टेंबरमध्ये चुलीपाशी डोकं धरून बसलेला म्हातारा शेतकरी काढला, पेन आणि जलरंगात. हात अजून बसलेला नाही, हे त्यात लपत नाही.

हेगमध्ये त्याच बैठकीत बसला तो मात्र शेतकरी नव्हता. वृद्धाश्रमातला आड्रियानुस झाउदरलांड. थोड्या पैशांत तो हवा तितका वेळ बसायचा. महागड्या फाबर पेन्सिलींपेक्षा व्हॅन गॉघला सुताराची जाड पेन्सिल आवडे. खरखरीत जलरंगाच्या कागदावर तिनं दाबून काढायचं, वर दूध-पाणी मारायचं; त्यानं शिसं पक्कं बसतं आणि त्याची चकाकी जाऊन काळा रंग मखमली होतो. २०२१मध्ये याच चित्राचा एक अज्ञात कच्चा आराखडा ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉघ म्युझियमनं त्याचा म्हणून जाहीर केला, तेव्हा तज्ज्ञांनी ज्या खुणा पाहिल्या त्यांत हीच कागद-पेन्सिलीची सवय होती. खोडरबर म्हणून वापरलेल्या पावाचे कणसुद्धा त्यावर सापडले.

नाव इंग्रजीत का? लंडनच्या सचित्र साप्ताहिकांतली गरिबांची चित्रं तो जिवापाड जमवत होता, आणि तशी कामं मिळावीत ही आशाही होती. लगोलग त्यानं याच बैठकीचं शिळाछापही (लिथोग्राफ) केलं.

मे १८९०मध्ये, फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात, त्या शिळाछापावरून त्यानं तैलचित्र रंगवलं. प्रसिद्धी त्याच्याच वाट्याला आली. मला पेन्सिलच जवळची वाटते: १८८२च्या कागदावर जुन्या कपड्यांचा जाडेभरडेपणा, त्यांचं ओझं कळतं, तैलचित्राच्या निळ्या रंगात ते हलकं होऊन जातं.