दिवा हिरवा लागेपर्यंत

माझा मावसभाऊ गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे. कंत्राटावर. नऊ वर्षं झाली. दर अकरा महिन्यांनी कंत्राट संपतं, मधे काही दिवसांचा 'ब्रेक' पडतो, मग पुन्हा नवा कागद. सव्वासहाला फोंड्याहून कंपनीची बस सुटते. गेटवर कार्ड टेकवायचं यंत्र आहे. हिरवा दिवा लागला की आत, तांबडा लागला की बाजूला उभं राहून सुपरवायझरची वाट बघायची. ज्यांना कमी करायचं असतं त्यांना आदल्या दिवशी कुणी काही बोलत नाही. जे सांगायचं ते तो दिवाच सांगतो.

नऊ वर्षांत त्याला तांबडा दिवा एकदाही लागलेला नाही. रक्तदाबाची गोळी मात्र तिसऱ्याच वर्षी लागली.

गोळीचं खापर मी दिव्यावर फोडणार नाही. आमच्या आजोळी निम्म्या माणसांना बीपी आहे. पण तो एकदा म्हणाला, "तांबडा लागला असता तर एकदाचा सुटलो असतो रे," तेव्हा मला तो अतिशयोक्ती करतोय असं वाटलं. नंतर एक प्रयोग वाचनात आला आणि त्याचं बोलणं वेगळंच ऐकू येऊ लागलं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 साली तो प्रसिद्ध केला. 45 जणांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड दिसायचे, कुठल्या दगडाखाली साप आहे ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा चटका, दुखेल इतपत. सापाची शक्यता मधेमधे बदलत राहायची. कधी तो जवळजवळ नक्की असायचा, कधी जवळजवळ नसायचाच. खेळणाऱ्यांचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार सतत मोजला जात होता. सर्वांत जास्त ताण कधी आला? चटका नक्की बसणार होता तेव्हा नाही, बसेल की नाही याचं पारडं बरोबर अर्ध्यावर होतं तेव्हा. चटका ठरलेला असला की शरीर त्यामानाने शांत असायचं.

गेटवरचं यंत्र हाच खेळ रोज सकाळी खेळतं. फरक एवढाच, की त्या खेळाला शेवट होता.

धोका दिसला की मेंदू मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप धाडतो. आधी अ‍ॅड्रेनलिन सुटतं, थोड्या वेळाने कॉर्टिसॉल. हृदय धडधडतं, रक्तात साखर येते, पचन मागे पडतं. समोर गवा आला असेल तर ही सोय उत्तम, कारण गवा दहा मिनिटांत निघून जातो आणि शरीर पूर्वपदावर येतं. कंत्राट निघून जात नाही. ब्रूस मॅकइवेन या शास्त्रज्ञाने 1990च्या दशकात मांडलं, की शरीराला सावध ठेवणारी हीच यंत्रणा पुन्हापुन्हा चालू राहिली तर तिचीच झीज रक्तवाहिन्यांवर, झोपेवर, प्रतिकारशक्तीवर साठत जाते. विहिरीवरचा पंप पाणी नसताना चालू ठेवला तर जळतो, तसंच काहीसं.

आपल्याकडे यावर हमखास तोडगा म्हणजे सरकारी नोकरी. गोव्यात तर मुलगा कितीही शिकला तरी आईचा पहिला प्रश्न तोच. पण भीतीचं हे गणित ज्या पाहणीत फार स्पष्ट दिसलं ती सरकारी नोकरांचीच होती. लंडनमधल्या दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांचा 1985 पासून दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यातल्या एका खात्याचं खासगीकरण होणार असं मधेच ठरलं. अजून एकाचीही नोकरी गेलेली नव्हती, नुसती चर्चा होती. तेवढ्यातच त्या खात्यातल्या लोकांच्या तब्येतीच्या तक्रारी इतरांपेक्षा वाढल्या. पुढे 2013 साली 13 पाहण्यांतल्या सुमारे पावणेदोन लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तर नोकरीची धास्ती असलेल्यांत हृदयविकार साधारण 19 टक्क्यांनी जास्त दिसला. हा आकडा वाचून कुणी छातीवर हात ठेवू नये. हजारात दहांना व्हायचा तो बारांना, एवढाच त्याचा अर्थ. धास्ती हे त्याचं एकमेव कारणही नव्हे.

खाणपट्ट्यातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. डिचोली, सांखळी, कुडचड्याकडे सप्टेंबर 2012 मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घालून वाट मोकळी केली, पुढे काम सुरू झालं आणि फेब्रुवारी 2018 मध्ये त्याच न्यायालयाने 88 लीजचं (खाणी चालवायच्या भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चच्या मध्याला पुन्हा बंद. "पुढच्या सीझनला सुरू होणार" हे वाक्य त्या वर्षांत मी इतक्यांदा ऐकलंय की ते सणवारासारखं वाटायचं. ज्यांनी पहिल्या बंदीतच टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, विकून दुसरा धंदा धरला त्यांचं नुकसान मोठं झालं. पण ज्यांनी टिपर अंगणात झाकून ठेवला आणि रोज पेपरात तारीख शोधली, त्यांचे चेहरे मला जास्त थकलेले दिसायचे. हे संशोधन नव्हे, माझं बघणं आहे.

मग करायचं काय? लिओनार्ड ग्रीनहाल्घ आणि झेहावा रोझेनब्लाट या दोन संशोधकांनी 1984 साली या धास्तीची जी फोड केली ती मला अजूनही सर्वांत कामाची वाटते. धास्तीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: संकट किती मोठं, आणि त्यापुढे मी किती हतबल. पहिली आपल्या हातात फारशी नसते. दुसरी थोडी असते.

मावसभावाने सुरुवात कायद्यापासून केली. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची छाटणी झाली तर पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. पण कंत्राटाची मुदत संपली आणि ते वाढवलं नाही, तर ती छाटणी धरली जात नाही. म्हणजे त्याच्या हाती बहुधा काहीच नाही. वाईट बातमी. तरी तो म्हणाला, "आता निदान माहीत तरी आहे." मग त्याने मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडलं, घरखर्चाचा हिशेब केला आणि एक आकडा काढला: पगार थांबला तर किती दिवस निघतील. 74. साप दगडाखालीच आहे, पण चटका केवढ्याचा ते कळलं.

दुसरं, काळजीला वेळ नेमून देणं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक यांनी 1983 साली ही पद्धत तपासली. दिवसातला एक अर्धा तास आणि एकच जागा ठरवायची. एरवी काळजी डोकावली की तिला 'नंतर ये' म्हणायचं आणि ठरल्या वेळी मात्र मनसोक्त करायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण काळजी दाबली की उसळते, पुढे ढकलली तर बऱ्याचदा थांबते. अंथरुणावर पडून छताकडे बघत बसणाऱ्यांसाठी आणखी एक: 2018 साली अमेरिकेत 57 तरुणांवर झालेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. नऊ मिनिटं म्हणजे काही चमत्कार नाही, पण पाच मिनिटांच्या बदल्यात सौदा बरा आहे.

धास्तीचं रूपांतर उदासीत झालं असेल तर गोष्ट वेगळी, आणि त्याबाबतीत गोव्याने जगाला काही शिकवलंय. इथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगत' संस्थेने, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. भर एकाच गोष्टीवर: मन लागेल तेव्हा करीन असं न म्हणता आधी करायचं, मन मागून येतं. तीन महिन्यांनी त्यातले 64 टक्के सावरले होते, नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत 39 टक्के. दोन आठवडे झोप, भूक, गोडी सगळंच गेलं असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर यादी-बिदी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे.

एक कुरकुर मात्र केल्याशिवाय राहवत नाही. मावसभावाच्या कंपनीत मागे ताणमुक्तीचं शिबिर झालं, दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं. श्वासाबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याला पुढच्या महिन्यात ठेवायचं नाही त्याला महिनाभर आधी तसं सांगितलं, तर बाकीच्या सगळ्यांचा श्वास आपोआप दीर्घ होईल, आणि त्याला खर्च शून्य.

मावसभावाने काळजीसाठी संध्याकाळी सातची वेळ ठरवलीय. घराच्या दारातल्या सोप्यावर, डासांची अगरबत्ती लावून, मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर. परवा मी गेलो तेव्हा साडेसात झाले होते आणि वही मिटलेली होती. विचारलं तर म्हणाला, आज दोनच ओळी झाल्या, मग पंप दुरुस्त करत बसलो.