मेलिंग लिस्टमध्ये देवनागरी पत्ता: घोडं अडलं कुठे

एसएमटीपी, म्हणजे एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल नेण्याची पद्धत, आली १९८२ मध्ये, आणि तेव्हा सगळा कारभार सात बिटांच्या आस्कीत, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे, थोडी चिन्हं, संपलं. १९९२ मध्ये माइम हे मेलच्या मांडणीचं स्टँडर्ड आल्यावर मजकूर आणि विषय आपल्या लिपीत जायला लागले, २००३ मध्ये प्युनीकोडमुळे (इतर लिप्यांतली नावं आस्कीत लिहायची युक्ती) डोमेनचंही, म्हणजे ॲटच्या (@) उजवीकडच्या भागाचंही जमलं. राहिला ॲटच्या डावीकडचा भाग. त्याचा अर्थ फक्त ज्याच्याकडे मेलबॉक्स आहे त्याच सर्व्हरनं लावायचा असा जुना नियम, त्यामुळे मधल्या कुणी त्याचं रूपांतर करायची सोयच नाही.

२००६ मध्ये इंटरनेटची स्टँडर्ड ठरवणाऱ्या आयईटीएफनं यासाठी गट काढला. पहिल्या प्रयोगात पत्त्यासोबत एक पर्यायी इंग्रजी पत्ता पाठवायचा, वाटेत जुना सर्व्हर लागला की तो वापरायचा, असं होतं. नुसता गुंता. २०१२ च्या स्टँडर्डमधून ते काढूनच टाकलं, आता पुढचा सर्व्हर एसएमटीपीयूटीएफ८ (असे पत्ते हाताळणारी एसएमटीपीची जोड) येतं म्हणाला तर मेल जाणार, नाहीतर बाउन्स, म्हणजे परत.

दोघांतल्या मेलला हे परवडतं, पण मेलिंग लिस्टवर, म्हणजे एकाची पोस्ट सगळ्या मेंबरांना पाठवणाऱ्या पत्त्यावर, एकानं देवनागरी पत्त्यावरून पोस्ट टाकली की ती शेकडो सर्व्हरकडे जाते, त्यातले जुने ती परत पाठवतात, आणि लिस्टचं सॉफ्टवेअर प्रत्येक मेंबरचे बाउन्स मोजत असतं, फार झाले की त्याला मेल पाठवणं थांबवतं, म्हणजे पोस्ट टाकणारा मोकळा आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचीच डिलिव्हरी बंद! यावर २०१२ च्या नोव्हेंबरात आयईटीएफचा आरएफसी ६७८३ हा दस्तऐवज आला, पण तो 'असं करा किंवा तसं करा' छापाचा. एक मार्ग मात्र कामाचा होता: लिस्ट पोस्ट नव्यानं पाठवते, तर फ्रॉममध्ये, म्हणजे पाठवणाऱ्याच्या रकान्यात, स्वतःचा साधा पत्ता टाकू शकते. खरं तर हे कुणालाच आवडत नाही. पण एप्रिल २०१४ मध्ये याहूनं डीमार्क, म्हणजे फ्रॉममधला पत्ता खरा आहे का ते तपासणं, कडक केलं, लिस्टनं पुढे पाठवलेल्या याहू पत्त्यांच्या पोस्ट नाकारल्या जायला लागल्या आणि लिस्टवाल्यांना फ्रॉम बदलणं भागच पडलं, म्हणजे सोय झाली ती भलत्याच कारणानं.

त्याच वर्षी ऑगस्टात जीमेलनं असे पत्ते स्वीकारायला सुरुवात केली, .भारत डोमेनही तेव्हाच सुरू झालं.

आपल्याकडे वर आणखी एक भानगड. 'कऱ्हाडे'मधला अर्धा र दोन तऱ्हेनं टाइप होतो, ऱ ला हलंत लावून किंवा साध्या र ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह टाकून. डोळ्याला एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे पत्ते, आणि एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलेलं असलं तर ते एकसारखं करणाऱ्या एनएफसी नॉर्मलायझेशननंही हा फरक जात नाही. सबस्क्राइब करताना एक टाइप झाला आणि मेल अकाउंटमध्ये दुसरा असला, की लिस्ट सरळ सांगते तुम्ही मेंबरच नाही.