एफएलपी एक्झिट लाइट

जिथे हवेत पेटणारा गॅस, सॉल्व्हंटची वाफ किंवा बारीक धूळ असू शकते अशा जागी, लाइट गेल्यावर बाहेरचा रस्ता दाखवायला लावलेला बॅटरीवाला दिवा म्हणजे एफएलपी एक्झिट लाइट. एफएलपी म्हणजे फ्लेमप्रूफ. मुंबईच्या लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिकल बाजारात दुकानदाराला एवढं सांगितलं तरी तो काउंटरवर चार पीस काढून ठेवतो, पण तेवढ्यावर घेऊ नये, कारण माहूलच्या रिफायनरीतला दिवा, अंबरनाथच्या केमिकल युनिटमधला दिवा आणि पिठाच्या गिरणीतला दिवा हे तीन वेगळे दिवे आहेत.

फ्लेमप्रूफ म्हटलं की लोकांना वाटतं आत गॅस शिरतच नाही. तसं नाहीये. गॅस आत शिरतो, आत ठिणगी पडून स्फोटही होऊ शकतो, फक्त बॉडी तो सहन करते आणि झाकणाच्या जोडातल्या अगदी बारीक फटीतून बाहेर येताना ती गरम हवा इतकी थंड होते की बाहेरचा गॅस पेटत नाही. म्हणजे सगळा खेळ त्या फटीचा आहे, आणि म्हणूनच आठपैकी सहाच बोल्ट लावलेला फ्लेमप्रूफ दिवा हा फ्लेमप्रूफ राहत नाही.

निवडताना आधी झोन बघायचा. झोन ० म्हणजे गॅस जवळपास कायम, टाकीच्या आत वगैरे, तिथे एक्झिट लाइटचा प्रश्नच येत नाही. झोन १ म्हणजे रोजच्या कामात अधूनमधून गॅस येऊ शकतो, झोन २ म्हणजे क्वचित आणि थोडाच वेळ. धुळीसाठी २०, २१, २२ असे वेगळे आकडे. मग गॅसचा ग्रुप, म्हणजे त्याची ज्वाळा बारीक फटीतून किती सहज बाहेर निघते: प्रोपेन टू-ए, इथिलीन टू-बी, हायड्रोजन आणि ॲसिटिलीन टू-सी. टू-सीचा दिवा टू-एच्या जागी चालतो, उलटं चालत नाही. ग्रुपपाठोपाठ टेम्परेचर क्लास, म्हणजे दिव्याचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापेल: टी१ ला ४५० अंश, टी३ ला २००, टी४ ला १३५, टी६ ला ८५. ग्रुप आणि क्लास एकत्र चढत जातात असं समजणारे बरेच जण भेटतात. हायड्रोजन सगळ्यात कडक ग्रुपमध्ये आहे पण तो स्वतःहून पेटायला ५०० अंशांच्या वर तापमान लागतं, आणि हेक्झेन साध्या टू-ए मधला पण साधारण २३० अंशालाच पेटतो, म्हणून त्याला टी३ लागतो.

नेमप्लेटवर आणखी एक गोष्ट वाचायची ती आजूबाजूचं तापमान. काही लिहिलं नसेल तर दिवा उणे २० ते ४० अंशांसाठी आहे असं धरतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये छताखाली शिडी लावून दोन मिनिटं उभं राहा, ४० कधीच मागे गेलेलं असतं. अशा जागी ५० किंवा ५५ लिहिलेला पीसच मागायचा, नाहीतर टेम्परेचर क्लास कागदावरच राहतो आणि बॅटरीही लवकर बसते. सर्टिफिकेट बघायचंच, पेट्रोलियमच्या जागेसाठी पेसोची, म्हणजे नागपूर हेडक्वार्टर असलेल्या केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा खात्याची मंजुरी लागते.

नॅशनल बिल्डिंग कोड दीड तासाचा बॅकअप मागतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बसलं आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडलं तेव्हा कित्येक भागांत दीड तासात लाइट आलीच नव्हती. दिवा लोकांना बाहेर काढण्यापुरता आहे, काम चालू ठेवायला नाही.

आता खरी गोम. बाकी कुठलंही फिटिंग एमसीबी पाडली की मेलं, हे मात्र एमसीबी पाडली की पेटतं, त्याचं कामच ते. एका कारखान्यात मी स्वतः बघितलंय, इलेक्ट्रिशियनने फ्यूज काढला, टेस्टर लावला, "सप्लाय नाय साहेब" म्हणाला आणि पान्याने झाकणाचे बोल्ट सोडायला लागला, आणि दिवा त्याच्या तोंडासमोर हिरवा पेटलेला. सप्लाय नव्हता, पण आत सेल चार्ज होते. म्हणून गॅसच्या जागेत झाकण उघडायच्या आधी गॅस टेस्ट आणि परमिट, आणि मुळात विकत घेतानाच टर्मिनल बॉक्स वेगळा असलेला दिवा घ्यावा, म्हणजे केबल सोडून अख्खा पीस वर्कशॉपमध्ये नेता येतो. मोठ्या प्लांटमध्ये बॅटरी बँक सेफ एरियात ठेवून सेंट्रल सिस्टिम करतात, मला तीच बरी वाटते, फक्त मग आगीत टिकणारी केबल लागते.

टेस्टिंगची सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे महिन्यातून एकदा ३० सेकंद, वर्षातून एकदा पूर्ण ९० मिनिटं. पूर्ण टेस्टनंतर बॅटरी परत भरायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे एका दिवशी सगळे दिवे रिकामे करू नयेत, एक सोडून एक करावेत, तेही वीकली ऑफला. राज्याच्या २००६ च्या फायर कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला द्यावा लागतो, बऱ्याच ठिकाणी टेस्टिंगचं रजिस्टर त्याच आठवड्यात एका बैठकीत, एकाच पेनाने भरलं जातं.

मेंटेनन्समध्ये मुंबईचा मोठा शत्रू पाऊस. डबल कॉम्प्रेशन ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथे तिला घट्ट धरणारं फिटिंग, नीट आवळला नसेल तर पाणी केबलवरून सरळ आत उतरतं, आणि शिवडी-ट्रॉम्बेच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या फ्लँजवर, म्हणजे झाकणाच्या जोडाच्या कडेवर, पांढरी भुकटी धरते. ती लोखंडी ब्रशने घासायची नाही, फट बिघडते. फडक्याने पुसून न सुकणारं ग्रीस लावायचं. न वापरलेल्या होलला सर्टिफाइड स्टॉपर प्लग, एमसील नाही. दुसरा शत्रू दसरा. यंत्रपूजेआधी रंगकाम निघतं, पेंटर जोडावर आणि काचेवरही ब्रश फिरवतो, आणि वरून झेंडूचं तोरण नेमकं धावत्या माणसाच्या चित्रावर लटकतं. तोरण दुसऱ्या दिवशी निघतं, रंग राहतो.

निकामी निकेल-कॅडमियम सेल भंगारवाल्याला देऊ नयेत. कॅडमियम विषारी आहे आणि २०२२ च्या बॅटरी नियमांनुसार ते रजिस्टर्ड रिसायकलरकडे जायला हवेत. नवीन सेल मात्र कंपनीने दिलेल्या त्याच मॉडेलचे टाकायचे, वेगळे बसवले तर सर्टिफिकेट गेलं.