ग्रामसभेचा ठराव झाला म्हणजे जनसुनावणी झाली का?

खाण वाढणार अशी कुणकुण लागली की आमच्या पूर्व पुण्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ग्रामसभेत ठराव घेतलाय, काळजी नको." शेजारचे काकाही हेच म्हणत होते. काही महिन्यांनी तेच काका पेपरचं कात्रण घेऊन दारात उभे. "तमाम लोकांस कळविण्यात येते की" अशा जमिनीच्या टायटल नोटिसांच्या गर्दीत काडेपेटीएवढी चौकट, आत जनसुनावणीची तारीख. ती उलटून चार दिवस झाले होते.

ग्रामसभा गावची. अध्यक्ष सरपंच, सभासद गावच्या मतदारयादीतले, गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल ते. पण हवेली तालुक्यात खाणपट्टा देणार महसूल खातं. विरोधाचा ठराव फायलीला लागतो, तेवढ्यानं खडीमशीन थांबत नाही. (जुन्नर-आंबेगावच्या अनुसूचित गावांची गोष्ट वेगळी. तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यामुळे खडी-मुरुमासारख्या गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते.) वाघोलीसारखी 23 गावं तर 2021 मध्ये महापालिकेत गेली. तिथे आता ग्रामसभाच नाही, तरी ठरावाची भाषा काही सुटत नाही.

जनसुनावणी म्हणजे प्रकल्पाच्या मंजुरीआधी लोकांच्या हरकती ऐकायची बैठक. ती 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेतली, म्हणजे प्रकल्पानं पर्यावरणाचं काय होईल ते आधी तपासायच्या नियमांतली. ती घेतं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी. नोटीस एका मोठ्या राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात द्यायची, हरकतींना किमान 30 दिवस ठेवून. जिथे पेपर पोचत नाही तिथे दवंडी पिटायचीही सोय नियमात आहे. आमच्याकडे पेपर पोचतो, म्हणून दवंडी नाही. आता तो वाचतं कोण, हे नियम विचारत नाही. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. नोटीस कागदोपत्री चोख असते, आणि सुरुंगाच्या हादऱ्यानं ज्याच्या भिंतीला तडा जातो त्याला तिचा पत्ता नसतो.

इथे गणपूर्ती नाही. चार माणसं आली तरी सुनावणी झाली. मतदानही नाही, त्यामुळे "पाचशे जण विरोधात" म्हणून निकाल लागत नाही. मंजुरीचा निर्णय पुढे राज्याचं पर्यावरण प्राधिकरण घेतं. पण ज्याचं नाव गावच्या यादीत नाही तो भाडेकरू, परवा फ्लॅट घेतलेलं जोडपं, इथे उभं राहून बोलू शकतं. येणं जमलं नाही तर मंडळाकडे लेखी हरकत धाडता येते. प्रकल्पाचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो.

प्रत्येक खाणीला सुनावणी लागतेच असं नाही. 5 हेक्टरपर्यंतचा एकटा पट्टा सहसा सुटतो. 500 मीटरच्या आत शेजारी आणखी पट्टे असतील तर क्षेत्र एकत्र मोजतात. म्हणून वाढीव खाणीचा अर्ज दिसला की आधी शेजारचे सातबारे काढावेत.

आणि सुनावणीला गेलात तर भाषण ठोकून चहाला बाहेर पडू नका. शेवटी इतिवृत्त मराठीत समजावून वाचून दाखवतात आणि त्याच दिवशी त्यावर सही होते. विहीर आटल्याचं तुम्ही सांगितलं आणि कागदावर "धुळीबाबत सूचना" एवढंच आलं, तर उठून दुरुस्ती सांगायची ती तेव्हाच.