पितृपक्षातला आकाशकंदील

अनंत चतुर्दशीचा गुलाल रस्त्यावरून पुरता गेलेला नसतो, तोवर सोलापूरच्या नवी पेठेत आकाशकंदील लटकायला लागतात. पितृपक्षात नवं काही घेऊ नये म्हणणारी आजी अजून घरोघरी आहे, पण ‘दिवाळी धमाका’चा फलक काही तिला विचारून लागत नाही. दुकानदाराला तरी काय बोलणार? माल उधारीवर भरलेला असतो, आणि शेजारच्याने आधी कंदील टांगला की गिऱ्हाईक तिकडे वळतं.

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेत १९३९ साली थँक्सगिव्हिंगचा सण ३० नोव्हेंबरला येत होता. नाताळची खरेदी त्यानंतरच जोर धरायची, म्हणून हंगाम आखूड होणार अशी व्यापाऱ्यांची ओरड सुरू झाली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सणच एक आठवडा अलीकडे ओढला. बऱ्याच राज्यांनी ते मानलं नाही आणि त्या वर्षी देशात हा सण दोनदा साजरा झाला. शेवटी १९४१ साली कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार पक्का करावा लागला. आपल्याकडे तिथीला हात लावायची कुणाची छाती नाही. त्यामुळे बाजाराने तिथी जागच्या जागी ठेवली आणि नुसतं वातावरण अलीकडे आणलं.

याचा मेंदूवर काय परिणाम होत असेल? वोल्फ्राम शुल्त्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींची, म्हणजे बक्षिसाची चाहूल टिपणाऱ्या पेशींची, नोंद घेतली. सुरुवातीला फळांचा रस तोंडात पडला की या पेशी उसळायच्या. इशारा झाला की रस मिळतो हे माकडाला कळल्यावर उसळी इशाऱ्यालाच येऊ लागली, प्रत्यक्ष रस मिळताना पेशी शांत. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं, की इशारा आणि रस यांच्यातलं अंतर वाढवलं तर इशाऱ्याची उसळीही मंदावते. ते अंतर सेकंदांचं होतं आणि आपलं महिन्या-दीड महिन्याचं आहे, तेव्हा हा निकाल जसाच्या तसा दिवाळीला चिकटवता येणार नाही. पण कंदील हाही इशाराच.

मला त्याहून बोलका वाटतो तो २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक प्रयोग. केरी मोरवेज आणि सहकाऱ्यांनी लोकांना डोळ्यांपुढे आणायला सांगितलं, की आपण चॉकलेटच्या गोळ्या एकेक करून खातोय. काहींनी मनातल्या मनात ३ खाल्ल्या, काहींनी ३०. मग खऱ्या गोळ्यांचा वाडगा पुढे ठेवला. मनात ३० खाणाऱ्यांनी प्रत्यक्षात कमी खाल्ल्या. पोटात काहीही गेलेलं नव्हतं, तरी मेंदूला सवय झाली होती! जाहिरातीत रोज चकली मोडताना बघून नेमकं असंच होतं का, हे या प्रयोगाने सिद्ध होत नाही. शंका मात्र येते.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० जणांना फोनवरून अवेळी गाठून विचारलं: आत्ता काय करताय, मन कुठे आहे आणि कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. गंमत पुढेच आहे. मन सुखद विचारांत रमलेलं असतानाही माणसं, कामात लक्ष असतानापेक्षा जास्त खूश नव्हती.

म्हणजे सणाची आधीपासून तयारीच करू नये की काय? तसं नाही. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, तिच्या मिरवणुकीत तोलत न्यायच्या नंदीध्वजांचा, म्हणजे उंच काठ्यांचा, सरावही आधीपासूनच चालतो. पण कमरेच्या पट्ट्यात उंचच उंच काठी तोलणाऱ्याचं मन यात्रेतल्या अक्षता सोहळ्यात, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नात, जाऊन बसलं, तर काठी तिथेच कलते. तोल हातात, कमरेत आणि पावलांत त्या त्या क्षणी सांभाळावा लागतो. ही तयारी आणि नवी पेठेतला फलक, दोन्ही वेळेआधीचेच. फरक इतकाच, की एकात शरीर गुंतलेलं असतं आणि दुसऱ्यात फक्त पाकीट.

घरी करून बघण्याजोगं एक आहे. जोर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१३ च्या अभ्यासात आठवडाभर चॉकलेट सोडलेल्यांना नंतर तेच चॉकलेट, हवं तेवढं खाणाऱ्यांपेक्षा जास्त आवडलं. चिवडा-चकली आता बारा महिने पाकिटात मिळते. दसऱ्यापासून ती पाकिटं घरात आणायची नाहीत आणि फराळाच्या पहिल्या घाण्याला चव कशी लागते ते बघायचं. मुलं कुरकुरतील, ते धरूनच चाला.