मेलो : एका प्रजातीची घडण

कातडीवर फोड उठवणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुलाला मेलॉइडी हे नाव मिळालं ते मेलो या प्रजातीवरून (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली ती मांडली, तेव्हा ती फारच ऐसपैस होती. औषधात वापरला जाणारा हिरवा, चकाकता ‘स्पॅनिश फ्लाय’ नावाचा भुंगेरासुद्धा तिच्यातच होता. १७७५ मध्ये डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियसने लिट्टा आणि मायलॅब्रिस या प्रजाती वेगळ्या केल्या. पुढे मेलोत उरले ते जाडजूड, जमिनीवरून रखडत चालणारे, न उडणारे भुंगेरे.

त्यांची खूण पाठीवरच आहे. बहुतेक भुंगेऱ्यांचे टणक पंख पाठीच्या मधोमध सरळ रेषेत भिडतात. मेलोचे आखूड असतात आणि मुळाशी एकावर एक चढलेले. खालचे उडायचे पंख नसतातच. अंड्यांनी भरलेल्या मादीचं पोट त्या पंखांखाली मावत नाही, मागे लोंबत राहतं. डिवचलं की पायांच्या सांध्यांतून पिवळे तेलकट थेंब येतात. फोड आणणारं कँथरिडिन त्यांतच असतं. प्रोस्कॅराबिअस या जातीच्या नराच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, मध्येच वाकलेल्या असतात. त्या वाकणात तो मादीच्या शृंगिका धरतो.

मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती अळीची गोष्ट. मधमाश्यांच्या केसांना चिकटलेले इवलेसे जीव इंग्रज कीटकशास्त्रज्ञ कर्बीला १८०२ मध्ये उवा वाटले आणि त्याने त्यांना उवांच्या प्रजातीत घातलं. १८२८ मध्ये फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ द्युफूरने पायांच्या तीन नख्यांवरून त्यांना ‘ट्रायअंग्युलिनस’ म्हटलं, तेही स्वतंत्र प्राणी समजूनच. खरं तर स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ दे येरने अठराव्या शतकातच मेलोच्या अंड्यांतून अशी पिल्लं निघताना पाहिली होती, पण त्यावर विश्वास बसायला वेळ लागला. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ न्यूपोर्टच्या १८५१ मध्ये छापलेल्या कामानंतर शंका उरली नाही. ही अळी फुलावर दबा धरून बसते, मधमाशीला बिलगून तिच्या घरट्यात पोचते आणि तिथे माशीचं अंडं, मग परागमिश्रित मध खाते. मधल्या अवस्थांत तिचं रूप इतकं पालटतं की फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ फाब्रने १८५७ मध्ये या प्रकाराला ‘हायपरमेटामॉर्फोसिस’ असं नाव दिलं.

ज्या अळीने इतका घोळ घातला, तीच आता वर्गीकरणाचा भक्कम आधार आहे. मेलोचे पोटगट ठरवताना छातीच्या पाटीचा आकार आणि शृंगिका पाहतात, तशीच पहिल्या अवस्थेतली अळीही पाहतात. व्हॅरिएगेटस जातीच्या अळीचं डोकं त्रिकोणी, टोकदार असतं, आणि ते ती मधमाशीच्या शरीराच्या वळ्यांमधल्या मऊ पडद्यात खुपसते.