कोल्हापूर जिल्ह्यातील जलनियंत्रण आणि स्थलांतरित पाणपक्षी

धरणे, बंधारे आणि उपसा योजनांमुळे नदी-तलावांतील पाण्याची चढउतार बदलते आणि तिच्याबरोबर स्थलांतरित पक्ष्यांच्या उतरण्याच्या जागाही बदलतात. कोल्हापुरात हे नाते सरळ नाही. इथल्या बहुतेक पाणथळ जागा पाणी अडवूनच तयार झाल्या आहेत, त्यामुळे ‘धरण आले आणि पाणथळ गेली’ एवढ्यावर विषय संपत नाही. पाणी किती साठले यापेक्षा ते कधी उतरते आणि काठाला किती खोल राहते, याला पक्ष्यांच्या लेखी जास्त महत्त्व आहे.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. भोगावतीवरचे राधानगरी धरण (साठा सुमारे ८.३६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट) राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केले, ते पूर्ण व्हायला १९५७ साल उजाडले. धरणातून आवर्तनाने, म्हणजे ठरलेल्या पाळीने, सुटलेले पाणी खाली टप्प्याटप्प्याने अडवणारे बंधारे या जिल्ह्याच्या नावानेच ओळखले जातात: कोल्हापूर पद्धतीचे बंधारे.

या बंधाऱ्याची रचना साधी आहे. दगडी खांबांना उभ्या खाची असतात. पावसाळा सरला की त्यांत एकावर एक बरगे (आडव्या फळ्या) सरकवायचे, दोन ओळींमधल्या पोकळीत माती ठासायची आणि पाणी तुंबवायचे. पुढच्या पावसाआधी बरगे काढून नदी मोकळी करायची. बरगे पूर्वी लाकडी असत, आता लोखंडीही असतात. शेतीच्या दृष्टीने ही सोय चोख आहे. पण बरगे पडू लागतात ते साधारण ऑक्टोबरपासून, म्हणजे मध्य आशियाई उड्डाणमार्गाने (उत्तर आशियातून भारताकडे येण्याच्या हवाई वाटेने) पक्षी दक्षिणेकडे उतरत असतात नेमके तेव्हा. ओसरत्या पुराबरोबर उघडी पडणारी चिखलाची पट्टी फुगवट्याखाली, म्हणजे बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्याखाली, जाते आणि काठापर्यंत उसाला भिडलेले खोल, संथ पाणी उरते.

तुतारी, चिखल्या यांसारखे पक्षी बोटभर पाण्यात किंवा ओल्या चिखलात चोच खुपसून किडे वेचतात. पाणी त्यांच्या पायांपेक्षा खोल झाले की ती जागा त्यांच्या कामाची राहत नाही. थापट्या बदक पसरट चोचीने वरचे पाणी गाळत जाते. तलवार बदक शेपटी वर करून बुडाशी चोच पोचवते, म्हणजे त्यालाही पाणी उथळच लागते. खोल फुगवट्यात सोय होते ती पाणकावळ्यांची, आणि ते तर बारमाही इथलेच. गंमत म्हणजे बंधारा गळका असला तर त्याच्या खालच्या अंगाला डबकी साचतात आणि धोबी पक्षी तिथे दिवसभर शेपटी हलवत फिरतात. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोषच आहे, पण धोब्यांचे पोट त्यावर भरते.

तलावांचे चित्र वेगळे आहे. पाझर तलाव आणि लघुपाटबंधारे तलाव हिवाळ्यात उपशाने हळूहळू उतरतात आणि गाळाचा रुंद काठ उघडा पडतो. नदीने गमावलेली पट्टी इथे भरून निघते. मात्र उघड्या गाळावर गाळपेर, म्हणजे पिकांची पेरणी, होते, तर काही ठिकाणी खोलीकरण करताना काठ कड्यासारखे उभे कापले जातात. साठा वाढतो, पण उथळ पाणी नाहीसे होते. शहरातल्या रंकाळा तलावाला तर एका अंगाने दगडी बांधच आहे. त्यात सांडपाण्यावर पोसलेले केंदाळ (जलपर्णी) माजले की उघडे पाणी झाकले जाते. केंदाळावर पाणकोंबड्या बिनदिक्कत चालतात. बदकांना मात्र उतरायला जागा राहत नाही.

पुराची गोष्ट उलटी आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे; २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. कृष्णेवरच्या कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून वाद पेटतो तो याच काळात, आणि तेव्हा हिवाळी पाहुणे हजारो किलोमीटर उत्तरेला पिल्ले वाढवत असतात. त्यांना या पुराचा फायदा मिळतो तो नंतर: सखल भागात नवा गाळ आणि साचलेली डबकी. पूरक्षेत्रात भराव पडले की हा भागच कोरडा होतो. उन्हाळ्यातला धोका निराळा आहे. नदी सुरय आणि आर्ली हे पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतात. वरून आवर्तन सुटले की पाणी हातभर चढते आणि घरटी वाहून जातात.

कायद्याची अडचणही इथेच येते. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या व्याख्येत मानवनिर्मित पाणथळही बसते. भारत १९८२ पासून या कराराचा सदस्य आहे. देशाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतून मात्र नदीपात्रे, भातखाचरे आणि पिण्याच्या किंवा सिंचनाच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. कोल्हापूरच्या पाणथळींचा मोठा भाग त्यामुळे नियमाबाहेर राहतो. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ असलेले नांदूर मध्यमेश्वर हेही गोदावरीवरच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यातूनच तयार झालेले आहे.